रिजेक्शनचं रजिस्टर आणि तुझा निर्णय

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

प्लास्टिक टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून प्रशिक्षणार्थी म्हणून लागलास आणि अजून हातात रिजेक्शनच्या, म्हणजे नापास पाइपांच्या नोंदीच्या, रजिस्टरशिवाय काही नाही, म्हणून सोडायचं म्हणतोस. रावेरहून रोजची ये-जा, वर स्टेशनपासून रिक्षा. वैताग येणारच.

लगेच सोड असं मी म्हणत नाही. ‘चिकाटी धर’ हेही म्हणत नाही. ते सांगणाऱ्याचं काही जात नाही. आधी ते रजिस्टर एकदा लिहिणाऱ्याच्या नव्हे, वाचणाऱ्याच्या नजरेनं बघ. महिनाभराच्या नोंदी लाइननुसार, पाळीनुसार, कारणानुसार वेगळ्या काढ. लाइट गेली, एक्स्ट्रूडर (पीव्हीसी वितळवून पाइप काढणारं मशीन) थांबला, की त्याच्या बॅरलमधलं गरम पीव्हीसी तिथंच करपतं आणि पुढच्या पाइपांवर तपकिरी रेघा येतात. अशा नोंदी लाइट जाते त्याच वेळच्या आहेत, की एकाच पाळीत जास्त आहेत? एकाच पाळीत असतील तर प्रश्न लाइटचा नाही, मशीन बंद-चालू करण्याच्या पद्धतीचा आहे. पाइप एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघत असेल तर डायचं, म्हणजे पाइपला आकार देणाऱ्या साच्याचं, सेंटरिंग बघावं लागतं. रिव्हर्शन टेस्टमध्ये तुकडा १५० अंशांना तापवतात; लांबी ५ टक्क्यांहून जास्त बदलली तर आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपांच्या भारतीय मानकाप्रमाणे तो नापास. मग पाइप ओढण्याचा वेग आणि थंड करण्याची टाकी, दोन्हींकडे जायचं. हे कॉलेजात तू पाठ केलंयस. इथं ते तारखेसकट समोर आहे.

पुढचं चहाच्या वेळी ऑपरेटरला विचार, ‘दादा’ म्हणून, पदवी बाजूला ठेवून. मशीनच्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगणारी माणसं आहेत ती.

एवढं झालं की एका पानावर मांडून साहेबांकडे जा. ‘मला काहीतरी शिकवा’ असं मोघम बोलू नकोस, त्यावर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळतं. ‘सोमवारपासून पंधरा दिवस लॅबमध्ये बसू द्या, रजिस्टर जेवणानंतर मीच पूर्ण करीन’ असं माग. टाळाटाळ झाली तर आठ दिवसांनी एकदाच आठवण दे. तिसऱ्यांदा विचारायला जाऊ नकोस, सोड.

कारण रजिस्टरातून शिकायचं ते महिन्याभरात संपतं. त्यानंतर तू फुकटचा कारकून. फुकटचा हा शब्द मुद्दाम वापरला. तुझ्या या योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये सरकार थेट खात्यात देतं. मालकाचं त्यात काही जात नाही, म्हणून तुझा वेळ वाया गेला तर त्याला टोचतही नाही. तो वाईट माणूस असेलच असं नाही. पण तुझा हिशोब तुलाच ठेवावा लागणार.

दहा हजारांचंही बोलू. केळीचा भाव पडलेल्या वर्षी घरात तेवढी रक्कम मोठी असते, हे मला ठाऊक आहे. तुझे पैसे घरखर्चाला लागत असतील तर दुसरीकडचं पक्कं होईपर्यंत राहा आणि त्याची लाज बाळगू नकोस. फक्त संध्याकाळचा वेळ अर्ज करण्यात घाल. जळगावात पाइप, ठिबक, चटई, सगळीकडे प्लास्टिकच आहे. तुझ्या विषयाला गाव बदलायचीही गरज नाही. घरच्यांना ‘जमत नाही’ एवढंच सांगशील तर ते घाबरतील. पुढं कुठं जाणार ते आधी सांग.

आणि निघताना भांडून निघू नकोस. एमआयडीसी लहान आहे, या कारखान्याचा सुपरवायझर वर्षभरात त्या कारखान्यात मॅनेजर होतो. प्रमाणपत्रात ‘प्रशिक्षण पूर्ण’ एवढंच असेल तर परत कर, विभागाचं नाव आणि केलेलं काम लिहून माग. साहेबांशी बोलणं झालं की फोन कर. रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा काका