आवाज कुणाच्या मागे पळतो?

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. मी निपाणीत शाळेत शिकवतो. वडिलांची १९९४ सालची साडेतीनशे बुलेट आहे, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. तंबाखूच्या व्यापारासाठी ते तिच्यावरून चिकोडी, हुक्केरी भागात हिंडायचे. आता ती मी चालवतो. या पावसाळ्यापासून तिच्यात दोन आवाज येतात. गाडी उभी करून स्लोमध्ये ठेवली की डाव्या बाजूनं खडखड होते, थोडी रेस दिली की कमी होते. दुसरा आवाज तवंदी घाट उतरताना येतो. रेस सोडली की 'टक्', परत दिली की 'टक्'. एका गॅरेजात कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारी दांडी) गेलाय, इंजिन पूर्ण खोलावं लागेल असं सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत सौ.ला घेऊन चोर्ला घाटानं गोव्याला जायचा विचार आहे. इंजिन खोलू का?

उत्तर : गुरुजी, इतक्यात खोलू नका. तुम्ही दोन आवाज वेगवेगळे लिहिलेत, तिथंच माझं निम्मं काम झालं.

आवाज कुठून येतो हे कान लगेच सांगत नाही. लोखंड आवाज लांबवर नेतं. म्हणून मी आधी तो कुणाच्या मागे पळतो ते बघतो. इंजिनच्या, क्लचच्या दांडीच्या, का चाकाच्या? रॉडचा ठोका चढावर, इंजिनवर भार आला की बोलतो, आणि रेस वाढवली की तोही वाढतो. तुमची खडखड रेस दिल्यावर कमी होते. 'टक्' तर उतारावर, भार पालटताना येतो. दोन्ही लक्षणं रॉडची नाहीत.

आधी खडखड बघू. गाडी न्यूट्रलमध्ये स्लोला ठेवा, क्लच पूर्ण ओढा आणि ऐका. क्लच ओढला की गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट थांबतो. आवाज तेव्हा गेला तर तो गिअरबॉक्समधला. बारीक खर्र असेल तर या वयाच्या गाडीत मी त्याला हात लावत नाही. क्लच ओढल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचच्या डब्याचं बेअरिंग किंवा आतला पुशरॉड (क्लच सोडवायला ढकलणारी सळई) तपासायचा, कारण ते बेअरिंग क्लच ओढल्यावरच फिरतं. एरवी डबा आणि आतला हब एकत्रच फिरतात. क्लच ओढला काय, सोडला काय, आवाज तोच राहिला तर प्रायमरी चेन, म्हणजे इंजिनकडून क्लचकडे जाणारी आतली चेन. ती क्लचला विचारत नाही, इंजिन चालू तोवर फिरतेच. स्लोमध्ये सिंगल सिलिंडरचा धक्का तुटक असतो, त्यात ढिली चेन आपटते. रेस दिली की धक्के जवळ येतात आणि ती ताणलेली राहते. तुमच्या वर्णनावरून मला तिचाच संशय आहे.

या चेनची पेटी (चेन केस) उघडायला डावा फूटरेस्ट काढावा लागतो, ब्रेकचं पेडल बाजूला करावं लागतं. खाली परात ठेवा, तेल येईल. झाकण मधल्या एकाच नटावर आहे. उघडल्याबरोबर झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. चेन आपटत असेल तर तिथं घासून चकाकलेली रेघ दिसते. चेन वरखाली हलवून बघा. सगळ्यात ताठ जागी साधारण ६ मिमी ढील हवी. एका ठिकाणी मोजून थांबू नका, इंजिन हातानं फिरवत चार-पाच ठिकाणी बघा, कारण झिजलेली चेन एकीकडे ताठ आणि एकीकडे सैल असते. खालच्या अ‍ॅडजस्टरनं ती वर घेता येते, पण आवाज बंद व्हावा म्हणून आवळून टाकू नका. आवाज जाईल आणि बेअरिंग खाल्लं जाईल. अ‍ॅडजस्टर शेवटाला आला असेल तर चेन बदला. उघडलंच आहे तर इंजिन स्प्रॉकेटचा (चेन बसते त्या दातेरी चाकाचा) आणि क्लचचा नट घट्ट आहेत का, आणि वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा फिरणारा रोटर स्थिर स्टेटरला घासतोय का तेही बघून घ्या. घासल्याची खूण चकाकते. झाकण बसवताना तो मधला नट जोर लावून आवळू नका. झाकण वाकतं आणि मग तेल गळतं. इंजिन खोलायला सांगणाऱ्यानं हे झाकण उघडून बघितलं होतं का, ते विचारा.

आता 'टक्'. हा आवाज मी कधी विसरणार नाही. मी नवा असताना जांबोटीकडचे एक गिऱ्हाईक असाच आवाज घेऊन आले होते. मी गिअरबॉक्स खोलला, काही सापडलं नाही, परत बसवला. आवाज होता तसाच. शेवटी मागचं चाक काढलं तर चाकाच्या हबमधल्या, धक्का झेलणाऱ्या रबरांचा भुगा झालेला. मजुरी घेतली नाही, पण त्यांचे तीन दिवस गेले, ते मी कुठून आणून देणार? तेव्हापासून पाना हातात घ्यायच्या आधी मी चाक हलवून बघतो.

तुम्हीही बघा. इंजिन बंद करा, गाडी मेन स्टँडवर घ्या, गिअर टाका आणि मागचं चाक हातानं पुढं-मागं करा. चाक हलतंय आणि स्प्रॉकेट जागेवर आहे, तर रबरं गेली. चाकासोबत स्प्रॉकेटही हलतंय, तर ढील चेनमध्ये किंवा त्याच्याही पुढं. उताराला रेस सोडली की चाक इंजिनला ओढतं, चेनची खालची बाजू ताणते आणि वरची सैल पडते. रेस दिली की उलट. मधली सगळी ढील त्या क्षणाला एकदम भरून निघते, तोच तुमचा 'टक्'.

मागच्या चेनला २५ ते ३० मिमी ढील ठेवा, तीसुद्धा कुणाला तरी गाडीवर बसवून मोजा. मग चेन स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला धरून ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन संपली. या मॉडेलमध्ये मागचं स्प्रॉकेट आणि ब्रेक ड्रम एकाच तुकड्यात आहेत, म्हणून लोक बदलायला मागेपुढे बघतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर कसलंही काम होतं, कुणी दात भरूनही देईल, पण ब्रेकच्या ड्रमवर मी तसलं काम करत नाही. नवा ड्रम घ्या. पुढचं छोटं स्प्रॉकेट क्लचच्या मागे, आतल्या केसच्याही पलीकडे आहे. म्हणून प्रायमरीचं काम काढाल त्याच दिवशी तेही बघायला सांगा, दुसऱ्यांदा तीच मजुरी द्यावी लागणार नाही. चेन ताणायला चाक मागे घेतलं की मागच्या ब्रेकचा रॉडही परत लावून घ्यायचा, हे बरेच जण विसरतात.

खानापूर-जांबोटीची लाल माती पावसात चेनवर चढली की तेलात मिसळून पॉलिशपेपरसारखी घासते. ही चेन साधी आहे, आत रबरी रिंगा नाहीत, तेव्हा रॉकेलच्या ब्रशनं धुऊन, पुसून, आतल्या बाजूनं तेल द्या. निघायच्या आधी हे करा आणि कणकुंबीला चहाला थांबाल तेव्हा चेनची ढील परत एकदा बघा. पुढं घाट उतरायचा आहे आणि मागं सौ. बसलेल्या असतील.

प्रश्न : सकाळी पहिला गिअर टाकला की मोठ्यानं 'खाड्' होतं आणि गाडी पुढं हिसका मारते. नंतर दिवसभर काही नाही. गाडी जुनी बुलेटच. — चिकोडी

उत्तर : क्लच प्लेटी रात्रभरात तेलानं एकमेकींना चिकटतात. इग्निशन बंद ठेवून क्लच पूर्ण ओढा आणि चार-पाच किका मारा, प्लेटी सुटल्या की किक हलकी जाते. मग गाडी चालू करा. तरीही 'खाड्' राहिलं तर केबल बघा, दांडीला २-३ मिमी ढील हवी. जास्त असेल तर क्लच पुरता सुटत नाही. अजिबात नसेल तर चढावर घसरेल आणि प्लेटी जळतील. चेन केसमध्ये कारचं तेल घातलं असेल तर काढून टाका, त्यातल्या काही तेलांनी क्लच घसरतो. डब्यावर 'जासो एमए' (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीची खूण) लिहिलेलं तेल घ्या.