लियाँची मेट्रो: प्रथमच जाणाऱ्यांसाठी

आपण पॅरिसच्या मेट्रोचा नकाशा पाहून धास्तावला असाल, तर फ्रान्समधल्याच लियाँ शहराच्या मेट्रोची भीती बाळगू नका. 1978 मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोच्या ए, बी, सी आणि डी अशा चारच मार्गिका आहेत. सुरुवातीला संपूर्ण नकाशा पाठ करण्याऐवजी गाडी बदलण्याची चार स्थानके तेवढी लक्षात ठेवा:

- शार्पेन: ए आणि बी
- बेलकूर: ए आणि डी
- साक्स-गाँबेता: बी आणि डी
- ओतेल द व्हील: ए आणि सी

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे मार्गिकेचे अक्षर पाहून समोर येईल त्या गाडीत चढणे. फलकावर दिशा शेवटच्या स्थानकाच्या नावाने दिलेली असते, त्यामुळे पार-द्यू रेल्वे स्थानकावरून जुन्या शहरात जाताना आधी बी मार्गिकेची ओपिताल लियाँ स्यूदकडची गाडी घ्यावी आणि साक्स-गाँबेताला उतरून डी मार्गिकेच्या गार द व्हेझकडच्या गाडीने व्ह्यो लियाँ गाठावे. दुसरी चूक तिकिटाची: तासाभराच्या तिकिटावर मेट्रो, ट्राम आणि बस बदलता येते, तरीही अनेक जण प्रत्येक टप्प्याला नवे तिकीट काढतात. विमानतळाला जाणाऱ्या रोनएक्सप्रेस या जलद ट्रामला मात्र ते तिकीट चालत नाही.

सवड असल्यास सी मार्गिकेने क्रुआ-रूस टेकडीची चढण जरूर चढा. तेथे 1891 मध्ये दोराने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली होती. आता रुळांमधील दातेरी पट्टीत चाक अडकवून गाडी वर जाते, आणि क्रुआ-पाके स्थानकाचा फलाटच चक्क उतरता आहे.