अण्णांवर दोन पानं लिहायचीत, काय लिहू?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे अण्णा बांधकाम खात्यात मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे मजूर होते, कुंभार्ली घाटात. आधी बरीच वर्षं रोजंदारी, मग कायम झाले आणि साठाव्या वर्षी रिटायर. गेल्या भाद्रपदात गेले. वर्षश्राद्धाला दोन पानं छापून पाहुण्यांना द्यायचीत. दादाने लिहिलंय, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. खोटं काहीच नाही पण वाचताना अण्णा दिसत नाहीत. मला आठवतं ते एवढंच की घरी आले की पडवीत बसून घासलेटने हातावरचं डांबर काढायचे, मग राखेने घासायचे, आणि हात हुंगून बघितल्याशिवाय आमच्या वह्यांना शिवायचे नाहीत. रिटायर झाल्यावरही भर पावसात काठीने रस्त्याकडेचं गटार मोकळं करत बसायचे, आई ओरडायची. असलं छापतात का?
– एक मुलगी, चिपळूण तालुका

उत्तर : अगं हेच छापायचं! सुरुवातच त्या हात हुंगण्यापासून कर, कुटुंबवत्सल म्हणजे काय ते तिथेच कळतं. दादाचा शब्द काढू नको, त्याला वाईट वाटेल, खाली कुठेतरी राहू दे.

गटाराचं मात्र नीट सविस्तर लिही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हाताऱ्याला सवय लागली होती. तसं नाहीये ते. डांबरी रस्त्याचा खरा वैरी पाणी. गटार पाल्याने तुंबलं की पाणी रस्त्यावर येतं, भेगांतून खाली मुरतं, डांबर खडीला सोडतं आणि वरून एक भरलेला ट्रक गेला की झाला खड्डा, आणि घाटात तर डोंगराकडचं गटार बंद पडलं की तेच पाणी रस्ता ओलांडून दरीकडची साईडपट्टी घेऊन जातं. घाटाखालच्या पोफळीहून वरच्या हेळवाकला एसटी पावसाळ्यात सुखरूप चढते त्यात असल्या फावड्यांचा मोठा वाटा आहे, आणि अण्णांना ते माहीत होतं म्हणून ते घरात बसू शकत नव्हते.

'कायम झाले' हे पण दोन शब्दांत उरकू नको. १९६७ च्या कालेलकर करारामुळे, म्हणजे सरकार आणि कामगारांमधल्या समझोत्यामुळे, खात्यातल्या सलग पाच वर्षं भरलेल्या रोजंदारीवाल्यांना आस्थापनेवर, म्हणजे कायम नोकरीत घ्यायची सोय झाली. ती वर्षं हजेरी तरच पगार, मग ताप असो की घरात बाळंतपण. तेव्हा चूल कशी चालली हे आईला विचार, आणि आत्ताच विचार. माझे मामा खात्यात रोलरवर होते, आम्ही एक ओळ लिहून ठेवली नाही, आता सांगायला मामीही नाही, ते मला अजून लागतं.

सेवापुस्तक सापडलं तर रुजू झाल्याची तारीख त्यातून घे. आणि अण्णांच्या गँगमधले जे कोणी आहेत त्यांच्याकडे जाऊन ये, तुम्हाला पडवीतले अण्णा माहीत आहेत, रात्री दरड उपसणारे त्यांनी बघितलेत. त्यांची नावंही घाल. छापून आलं की पहिल्या प्रती त्यांच्या घरी तू स्वतः नेऊन दे, पोस्टाने पाठवू नको.