छत्रपती संभाजीनगरच्या (जुनं औरंगाबाद) मकाई दरवाजाच्या पुलासारखा नक्षीदार पूल खाम नदीवर आज नव्याने बांधता येईल का?

येईल. पण आरसीसीच्या पुलाला फायबरच्या खोट्या कमानी चिकटवायच्या असतील तर कशाला तो खर्च? आणि जुन्या पुलाची सगळी नक्षी वर, दरवाजाला आहे. खाली निव्वळ टोकदार दगडी कमानी, आणि भार त्याच पेलतात. औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास शहराला कोट घातला तेव्हा या बाजूला खामच खंदकाच्या कामी आली. म्हणून पूल ओलांडला की माणूस थेट बुरुजांसमोर येतो. महमूद दरवाजा, बारापुल्ला दरवाजा, तिथल्या पुलांनाही हाच हिशेब.

नव्याचं राहू द्या, आहेत ते पूल आधी सिमेंटपासून वाचवा.

'माल भक्कम तर पूल भक्कम' म्हणणाऱ्या इंजिनिअरांशी माझं भांडण जुनं आहे. दगडी कमान गाडी गेली की किंचित हलते, उन्हाळ्यात फुगते, थंडीत आवळते. चुना ते सोसतो. सिमेंट सोसत नाही; त्याने भरलेली दरज, म्हणजे दोन दगडांमधला सांधा, काठाने सुटते, केसाएवढ्या फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. आतला चुना भिजून धुपतो. काळा पाषाण तग धरतो, पण आपल्याकडचा पांढऱ्या ठिपक्यांचा नरम दगड असेल तर त्याच्या कडा खपल्यांसारख्या उडतात. दरज जशीच्या तशी उभी आणि दगड आत गेलेला दिसला, की समजा तिथे सिमेंट आहे.

दरज हातछिन्नीने उकरायची, ग्रायंडर लावायचा नाही. रुंदीच्या दुप्पट खोल, निदान २५ मिमी. कळीचा चुना हौदात पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरवायचा, मग १ भाग चुना, १ सुरखी (भाजक्या विटांची पूड), १ चाळलेली वाळू चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायची. दरज धुऊन, ओली असतानाच, थराथराने दाबून भरायची आणि दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायची. वरून ओलं गोणपाट ८-१० दिवस. हे काम दिवाळीनंतर घ्या. एप्रिलच्या उन्हात चुना घट्ट व्हायच्या आत वाळतो आणि नंतर बोटाने खरवडला तरी भुगा पडतो. पिंपळाचं रोप मात्र उपटू नका, मुळासोबत दगड येतो; बुंधा कापून भोक पाडा, तणनाशक भरा आणि पूर्ण वाळू द्या.

याहून मोठं दुखणं वर रस्त्यावर असतं. जुनं डांबर न खरवडता थरावर थर चढतो, त्याने वजन वाढतं, कठडा बुटका होतो आणि पाणी जायची भोकं बुजतात. मग पावसाचं पाणी कमानीवरच्या भरावात मुरतं. पुलावरून नेलेला पाण्याचा पाइप गळत असेल तर भराव बाराही महिने भिजतो. डांबर आधी काढा, भोकं मोकळी करा, मगच दरजांकडे वळा; नाहीतर भरलेला चुना पुढच्या पावसाळ्यात आतून ढकलला जाईल. पूर ओसरला की खांबांच्या पायाशी पहार खुपसून पाहायची. ती दगडाखाली सरकली तर पाया उघडा पडलाय, तिथे डबर (ओबडधोबड दगड) भरायलाच हवं.

हे सगळं किरकोळ डागडुजीपुरतं. कमानीला आरपार तडा असेल किंवा मधला दगड खाली सरकलेला दिसला तर दरज भरून तो झाकू नका. वाहतूक थांबवा, खालून टेकू द्या आणि जुन्या बांधकामांचा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. वास्तू संरक्षित यादीत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय छिन्नीही लावता येत नाही.