उरलेल्या गोळ्या निर्वासितांना पाठवू का?

प्रश्न: आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आम्ही बायकांनी घरोघरी फिरून न वापरलेली औषधं गोळा केलीत, तापाच्या गोळ्या, अँटिबायोटिक्स, खोकल्याच्या बाटल्या, बीपीच्या गोळ्या, दोन मोठे खोके भरलेत. सुदान, गाझाच्या बातम्या बघवत नाहीत. हे कुठे द्यायचं? मुलगा म्हणतो कोणी घेणार नाही, कचरा आहे तो.

उत्तर: ताई, मुलगा तोडून बोलला पण बरोबर बोलला. खोक्यातली कुठलीही पट्टी उचलून बघा, केमिस्टने चार गोळ्या कापून दिलेल्या असतात आणि एक्सपायरी नेमकी त्याच्याकडे राहिलेल्या तुकड्यावर. तिकडच्या नर्सने हे ओळखायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियमच आहेत, १९९६ पासूनचे, पेशंटकडून परत आलेली औषधं नकोत, फुकट सँपल नकोत, पोचल्यावर साधारण वर्षभराची मुदत शिल्लक हवी, नाव जेनेरिक, म्हणजे कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव हवं. हे नियम उगीच नाही आले, बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते ९६ मध्ये आलेल्या औषधांपैकी निम्मी तरी बिनकामाची होती, अंदाजे १७ हजार टन, आणि ती निवडायला, साठवायला, जाळायला माणसं नि पैसा तिथलाच गेला.

मग नवीन विकत घेऊन पाठवू म्हणाल, तर तेही नको. १० हजार लोकांना ३ महिने पुरेल असा औषधांचा ठरलेला इमर्जन्सी किट असतो, संस्था तोच मागवतात.

छावणीत माणसं बऱ्याचदा बॉम्बने नाही, जुलाब, गोवर, न्यूमोनियाने मरतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, पेशंट जमिनीवर उलट्या-जुलाबात पडलेले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी नातेवाइकांच्याच हातून पेशंटला पाजायला लावलं, नर्सची वाट बघत बसले नाहीत. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. आज आपण जुलाब झाले की ओआरएसचं पाकीट फोडतो ते यातूनच पुढे आलं, आणि हे इतकं आपल्या शेजारचं असून शाळेत कोणी शिकवत नाही याचा मला खरंच राग येतो.

म्हणून पहिल्या दिवसांत लागतं ते पाणी, माणशी रोज १५ लिटर निदान (म्हणजे आपली आंघोळीची एक बादली, त्यातच पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं), संडास आणि ६ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना गोवरची लस. तुमच्या खोक्यातल्या बीपीच्या गोळ्यांवरून आठवलं, शुगर-बीपीवाल्यांचे हाल खूप होतात, पळताना फाइल घरीच राहते, टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स मधेच तुटतो, आणि याकडे मदत करणाऱ्यांचंही लक्ष उशिराच गेलं. तिथे नियमित पुरवठा लागतो, आणि आधी काय चालू होतं ते सांगणारा एखादा कागद, अर्धवट पट्टी नाही.

तेव्हा सोसायटीत वर्गणी काढा आणि रेडक्रॉससारख्या संस्थेला पैसेच द्या, कशासाठी ते विचारून पावती घ्या. खोक्यांचं म्हणाल तर बेसिनमध्ये किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नका, बीएमसीची सॅनिटरी आणि स्पेशल केअर कचऱ्याची वेगळी गाडी आहे, मुदत संपलेली औषधं त्यात चालतात, तुमच्या सेक्रेटरींना सोसायटीची नोंदणी करायला सांगा.