बावीस हँडिकॅप आणि जगातले अवघड गोल्फ कोर्स: कुठे जावे, काय तयारी करावी

प्रश्न थोडक्यात असा होता: बडोद्यात राजवाड्याच्या कोर्सवर नियमित खेळणाऱ्या, हँडिकॅप २२ असलेल्या (म्हणजे पारवर, ठरलेल्या फटक्यांवर, २२ फटक्यांची सवलत मिळणाऱ्या) खेळाडूला आयुष्यात एकदा तरी खरोखर अवघड कोर्स खेळायचा आहे. सर्वांत कठीण कोणता, आणि तिथे लाज न जाता अठरा होल पुरे करायला काय लागते?

आधी 'अवघड' कसे मोजतात ते बघा, कारण बहुतेक जण लांबी बघतात आणि तिथेच फसतात. प्रत्येक टीला, म्हणजे होल सुरू करण्याच्या जागेला, दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे स्क्रॅच (शून्य हँडिकॅपच्या) खेळाडूला चांगल्या दिवशी साधारण किती फटके लागतील तो आकडा. स्लोप म्हणजे आपल्यासारख्याला त्याच्या तुलनेत तो कोर्स किती जास्त जड जाईल त्याचे माप. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो आणि ११३ हा प्रमाण धरलेला आकडा आहे. पुरुषांसाठी हे माप काढताना जो 'बोगी खेळाडू' समोर ठेवतात, त्याचा हँडिकॅप २० च्या आसपास, ड्राइव्ह (टीवरचा पहिला लांब फटका) २०० यार्डांचा, आणि ३७० यार्डांचा होल तो दोन फटक्यांत गाठतो. म्हणजे जवळजवळ तुम्हीच. म्हणून तुम्ही रेटिंगपेक्षा स्लोप आधी वाचा.

हिशेब असा: हँडिकॅप इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, आणि त्यात रेटिंग वजा पार मिळवायचे. समजा एखाद्या टीवर स्लोप १४५, रेटिंग ७५ आणि पार ७१ आहे. २२ × १४५ ÷ ११३ म्हणजे २८.२, अधिक ४, म्हणजे ३२. सोप्या कोर्सवर २२ फटके मिळणाऱ्याला इथे ३२ मिळतात. त्या दिवशी १०३ हा तुमच्या नेहमीच्या दर्जाचा खेळ आहे. हे आधी पटले नाही तर सहाव्या होलपर्यंत डोके गरम होते आणि पुढचा सगळा राउंड त्याच रागात जातो.

आता कोर्सकडे. अमेरिकेतल्या ओकमाँट आणि पाइन व्हॅली ही नावे अशा यादीत नेहमी वर असतात, पण दोन्ही खाजगी क्लब आहेत. सभासदाच्या आमंत्रणाशिवाय तिथे जाता येत नाही. पैसे भरून आणि वेळ आरक्षित करून जिथे खेळता येते त्यांचाच विचार करू.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचा बेथपेज ब्लॅक हा मला सर्वांत प्रामाणिक कोर्स वाटतो. तो सरकारी पार्कमधला आहे, १९३६ साली खुला झाला, आणि २००२ व २००९ च्या यूएस ओपन तिथे झाल्या. पहिल्या टीजवळ पाटी आहे: हा कोर्स अत्यंत अवघड असून फक्त अतिशय कुशल खेळाडूंनीच खेळावा. पाणी म्हणाल तर फक्त आठव्या होलवरचे एक तळे. अवघडपणा येतो तो मोठ्या खोल बंकरांतून (वाळूच्या खड्ड्यांतून), दाट रफमधून (वाढू दिलेल्या गवतातून) आणि चढातून. गोल्फ कार्टला परवानगी नाही, अठराही होल चालायचे. पंधराव्या होलचे ग्रीन (भोकाभोवतीचे आखूड गवत) इतके उंचावर आहे की दुसऱ्या फटक्याला अंतरापेक्षा किमान दोन क्लब जास्त (तेवढे लांब मारणारा क्लब) घ्यावे लागतात, आणि तोवर पाय थकलेले असतात. २००२ च्या यूएस ओपनमध्ये पावसात दहाव्या होलवर काही व्यावसायिकांचा ड्राइव्हसुद्धा फेअरवेपर्यंत (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यापर्यंत) पोहोचत नव्हता. तेव्हा मागच्या टीचा मोह नको. आरक्षण मिळाले नाही तर लोक पार्किंगमध्ये गाडीतच रात्र काढून सकाळच्या वेळा मिळवतात, ही तिथली जुनी रीत आहे.

स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीचा त्रास वेगळा. तिथे चेंडू हवेत कमी आणि जमिनीवर जास्त खेळायचा असतो. बंकर लहान पण खोल, पुढची भिंत उभी. शेवटच्या दोन होलांवर बॅरी बर्न नावाचा ओढा वळसे घेत पुन्हा पुन्हा आडवा येतो. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये फ्रेंच खेळाडू ज्याँ व्हॅन द वेल्डला जिंकायला अठराव्या होलवर सहा फटके पुरले असते. त्याने टीवरून ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) काढला, चेंडू उजवीकडे गेला. दुसरा फटका ग्रीनकडे मारला तो प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळून उंच गवतात आला, तिसरा ओढ्यात. सात झाले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. दुसऱ्या फटक्याला ओढ्याच्या अलीकडे साधा वेज (छोट्या, उंच फटक्याचा क्लब) मारून थांबला असता तर स्पर्धा त्याचीच होती. बावीस हँडिकॅपवाल्याने या होलकडे पार पाचचा म्हणूनच बघावे: ओढ्याच्या अलीकडे, मग पलीकडे, मग ग्रीनवर दोन पट, म्हणजे घरंगळवण्याचे दोन फटके.

खोल बंकरात अडकलात तर दोन गोष्टी पक्क्या ठेवा. एक, बाहेर येण्याची दिशा ग्रीनची असलीच पाहिजे असे नाही. बाजूला किंवा मागे मारून निघणे हाच बहुतेक वेळा योग्य फटका. दोन, २०१९ च्या नियमांनुसार चेंडू खेळण्याजोगा नाही असे जाहीर करून एका दंडावर (जास्तीच्या एका फटक्यावर) बंकरातच ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून टाकून पुन्हा खेळता येतो, आणि दोन दंडांवर बंकराच्या बाहेर, भोक आणि चेंडू यांच्या रेषेत मागे कितीही. चार फटके वाळूत घालवण्यापेक्षा ते दोन दंड स्वस्त पडतात.

पण माझ्या मते साधारण खेळाडूला सर्वांत जड जाणारा कोर्स दक्षिण कॅरोलायनातला किआवाचा ओशन कोर्स. पीट डायने तो १९९१ च्या रायडर कपसाठी (युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक स्पर्धेसाठी) बांधला. प्रत्येक होलवरून समुद्र दिसावा म्हणून सगळा कोर्स उंच करावा, ही सूचना त्यांच्या पत्नी ॲलिस डाय यांची. त्यामुळे समुद्र दिसतो, आणि वाराही अडत नाही. ग्रीन उंचावलेली असल्यामुळे जरा कमी पडलेला चेंडू उतारावरून परत खाली येतो. इथे जमिनीवरून घरंगळत नेण्याची सोय फार कमी, आणि बऱ्याच टीवरून दलदल किंवा वाळू ओलांडूनच फेअरवे गाठावा लागतो. कार्नुस्टीत चुकलेला फटका निदान सापडतो. इथे तो बऱ्याचदा जातोच.

फ्लोरिडातल्या सॉग्रासच्या सतराव्या होलचे नाव सगळ्यांना माहीत असते, पाण्यातले ते बेट. पण तो अवघा १३७ यार्डांचा आणि ड्रॉपची जागा जवळच. तिथे भीती जास्त, अडचण कमी. झेंडा कुठेही असो, मधोमध नेम धरा आणि एक क्लब जास्त घ्या.

आता घरची तयारी, आणि इथेच बडोद्याच्या खेळाडूची खरी गफलत होते. मार्च ते जूनमध्ये आपली जमीन टणक असते. ड्राइव्ह २२० यार्ड गेला असे आपण म्हणतो, त्यातले तीस-चाळीस यार्ड चेंडू नुसता घरंगळलेला असतो. हवेतले अंतर असते १८०. किआवाला १९० यार्डांची दलदल समोर आली की हा खोटा हिशेब उघडा पडतो. म्हणून अंतर मोजायचे ते पावसाळ्यात, ओल्या फेअरवेवर, जिथे चेंडू पडतो तिथेच थांबतो. प्रत्येक क्लबचे दहा फटके मारा, सर्वांत लांबचे दोन सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी वहीत लिहा. रेंजवरच्या जुन्या चेंडूंवर हे करू नका, ते कमी जातात.

त्या आकड्यांवरून टी निवडा. ड्राइव्ह २०० यार्डांचा असेल तर ५२०० ते ५४०० यार्डांचा कोर्स, २२५ असेल तर ५८०० ते ६०००. दुसरी कसोटी: ५ नंबरच्या आयर्नचे अंतर गुणिले ३६. १५० यार्ड असेल तर ५४०० येते. पुढच्या टीवरून खेळण्यात कमीपणा नाही. त्या टी याच अंतरांसाठी बांधलेल्या असतात.

वाऱ्याचा ठोकताळा: समोरून ताशी एक मैल वाऱ्यामागे अंतर एक टक्का वाढते, मागून असेल तर त्याच्या निम्मे कमी होते. १५० यार्डांवर समोरून १५ मैलांचा वारा असेल तर तो फटका १७२ यार्डांचा समजा. जोर वाढवू नका. जोराने फिरकी वाढते आणि चेंडू वर चढून तिथेच मरतो. दोन क्लब जास्त, पकड इंचभर खाली, चेंडू मागच्या पायाकडे थोडा सरकवलेला, आणि अर्ध्यावर थांबणारा स्विंग. थंडीचाही हिशेब धरा. बडोद्यातल्या ३८ अंशांतून स्कॉटलंडच्या १३ अंशांत गेल्यावर ड्रायव्हरमागे आठ-दहा यार्ड कमी होतात.

कार्नुस्टीसारख्या लिंक्स (समुद्रकाठच्या, वाळूच्या जमिनीवरच्या) कोर्सवर ग्रीनभोवतीचे गवत आखूड आणि खालची जमीन कडक. जास्त बाउन्सचा (तळाला फुगीर) ५६ अंशांचा वेज तिथे आपटून उडतो आणि चेंडू मधोमध लागून ग्रीनपलीकडे जातो. त्याऐवजी पटर, नाहीतर ८ नंबर आयर्नने पटसारखा छोटा फटका. हा सराव राजवाड्याच्या कोर्सवर उन्हाळ्यात उत्तम होतो, कारण तेव्हा आपल्याकडेही जमीन तशीच कडक असते. मात्र दूर्वेच्या जातीच्या ग्रीनवर गवताचा कल पटला ओढतो. चकाकी दिसली तर गवत तुमच्यापासून दूर झुकलेले, पट वेगात जाईल. गडद दिसले तर उलट. स्कॉटलंडच्या ग्रीनवर हा कल जवळपास नसतो, तिथे उतारच वाचा.

परदेशाआधी एक-दोन परीक्षा देशातच देता येतात. अहमदाबादकडचा केन्सव्हिल, जीव मिल्खा सिंग यांनी आखलेला, वाऱ्याच्या सरावासाठी बरा. दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स लांब नाही, पण दोन्ही बाजूंना इतकी दाट झुडपे आहेत की तिथे व्यावसायिकही अनेक होलांवर ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात. तिथे झुडपात गेलेला चेंडू शोधण्यात वेळ घालवू नका. नियमाने तीनच मिनिटे मिळतात, म्हणून शंका आली की लगेच प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर धरायचा दुसरा चेंडू) मारा. गुडगावच्या डीएलएफचा गॅरी प्लेयर कोर्स त्याहून कडक. २०१९ च्या इंडियन ओपनमध्ये स्टीफन गॅलाकरने शेवटच्या दिवशी सातव्या होलवर आठ फटके घेतले आणि तरीही स्पर्धा जिंकली. एक होल फसला म्हणून राउंड संपत नाही, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. दोन्ही ठिकाणी पाहुण्यांचे नियम आणि दर आधी फोन करून विचारा.

राउंडमध्ये प्रत्येक होलचा कमाल आकडा ठरवून जा. हँडिकॅपसाठी तो पार अधिक दोन अधिक त्या होलवर मिळणारे फटके एवढाच धरला जातो. ३२ मिळत असतील तर सर्वांत अवघड चौदा होलांवर दोन-दोन, उरलेल्या चारांवर एक-एक. म्हणजे अवघड पार चारवर आठ ही मर्यादा. आठ झाले की चेंडू उचला आणि पुढे चला. मागच्यांचा खोळंबा होत नाही आणि तुमची ताकदही वाचते.

क्रम विचाराल तर: या पावसाळ्यात अंतरे मोजा, डिसेंबर-जानेवारीत केन्सव्हिल, फेब्रुवारीत दिल्ली, आणि मग मे-जूनमध्ये कार्नुस्टी. किआवा त्यानंतरच्या वर्षी. प्रवासाला निघण्यापूर्वी क्लबकडून हँडिकॅपचे प्रमाणपत्र घ्या, स्कॉटलंडमध्ये ते मागतात आणि कमाल हँडिकॅपची अटही असू शकते. बॅगेत किमान डझनभर एकाच जातीचे चेंडू, दोन्ही हातांचे पावसाळी ग्लोव्ह आणि पाणी न शिरणारे, आधी घालून मऊ केलेले बूट. नवे बूट घालून अठरा होल चालू नका.