शब्द पाळणारा नेता आजच्या काळात टिकतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: दिलेलं वचन पाळणारा, आपल्या माणसांशी एकनिष्ठ राहणारा नेता आज टिकतो का, की वारं बघून भूमिका बदलणारा जास्त हुशार? मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला केळीवाला. मोठं राजकारण लांबूनच पाहिलंय; ग्रामपंचायत, पीककर्जाची सोसायटी, पाण्याच्या पाळ्या हे मात्र रोजचं. तेवढ्यावरून सांगतो.

टिकतो की नाही ते नंतर बघू. आधी शब्द मोडला की भुर्दंड कोणाला बसतो ते बघा.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. त्यात डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की तिच्यावरच्या सगळ्या मोटारी एकदम बंद. केळीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. तीन-चार दिवस चुकले की पानं लोंबायला लागतात, घड पोसत नाही. मग लोक पुढाऱ्याच्या ओट्यावर जमतात. एक पुढारी सगळ्यांदेखत फोन लावतो आणि सांगतो, "साहेबांशी बोलणं झालं, उद्या डीपी येते." लोक खूश, चहा होतो, तो मोठा होतो. दुसरा म्हणतो, "आठ दिवस जातील रे भो. जनरेटर भाड्यानं सांगा, पाळ्या लावून घ्या." त्याचं बोलणं कोणाला आवडत नाही. पण पहिल्याच्या भरवशावर जो थांबतो त्याचं काय होतं? 'उद्या' पाच दिवस लांबतो, आणि तोवर जनरेटर शेजारच्या गावानं नेलेला असतो. पहिल्याला आपण खोटं बोललो असं वाटतही नाही. त्यानं फक्त वेळ मारून नेली. समोरच्यानं मात्र त्या एका वाक्यावर वर्षाचं पीक पणाला लावलेलं असतं.

कर्जमाफीचंही तेच. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याजाची सवलत मिळते. निवडणुकीच्या सभेत कोणी "माफ करतो, भरू नका" म्हणून गेला की अर्धा गाव थांबतो. माफी आली नाही तर हाच शेतकरी थकबाकीदार होतो, सवलत जाते, पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं. भाषण करणाऱ्याचा सातबारा कोराच असतो.

म्हणून माझ्या लेखी शब्द पाळणारा नेता ओळखायचा तो त्यानं काय कबूल केलं यावरून नाही, तर कशाला नाही म्हटलं यावरून. ज्याला प्रत्येकाला हो म्हणायचं असतं त्याला पाळायचं काहीच नसतं.

मोठं उदाहरण हवं असेल तर आमच्या अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी घ्या. लोक त्यांना हळवे म्हणून बाजूला ठेवतात, मला ते पटत नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी १९४६ साली उपोषण करायचं ठरवलं. सहकारी म्हणाले, थोडं थांबा, आधी लोकांना समजावू. ते थांबले. पुढचे काही महिने महाराष्ट्रभर हिंडले, गावोगावी सभा घेतल्या, कितीतरी ठिकाणची मंदिरं आणि विहिरी खुल्या झाल्या. एवढं झाल्यावर कोणीही म्हणाला असता, काम बरंच झालं, आता उपोषण कशाला. तरी पंढरपूरचं दार बंदच होतं. १ मे १९४७ ला ते उपोषणाला बसले. मधे गांधीजींकडे चुकीची माहिती गेली आणि उपोषण सोडा अशी त्यांची तार आली. गुरुजी गांधीजींना किती मानत, हे वेगळं सांगायला नको. तरी ते उठले नाहीत. १० मे ला मंदिर खुलं करायचं ठरलं तेव्हाच उपोषण सुटलं.

तुम्ही एकनिष्ठतेबद्दल विचारलंय, तर त्या तारेचा विचार करा. निष्ठा वरच्या माणसाशी ठेवायची की ज्यांच्यासाठी बसलो त्यांच्याशी, असा पेच खऱ्या नेत्याला कधीतरी पडतोच. आपल्याकडे 'निष्ठावंत' म्हणजे साहेबांनी बस म्हटलं की बसणारा. तिकीट नाकारलं की त्याच निष्ठावंताच्या गाडीवरचा झेंडा रात्रीतून बदलतो. असो, तो विषय वेगळा.

आता भूमिका बदलण्याबद्दल. दिलेला शब्दच चुकीचा निघाला तर तो ओढत बसावा असं मी म्हणत नाही. पाणी कमी पडलं तर पाळी बदलावीच लागते. पण ते वेळेवर, चारचौघांत सांगावं, म्हणजे लोकांना दुसरी सोय करता येते. ज्या तोंडानं हो म्हटलं त्याच तोंडानं नाही सांगायला पारावर येणारा माणूस आणि फोन बंद करून जळगावला जाऊन बसणारा माणूस, दोघांनी शब्द मोडला हे खरं, पण दोघांना एका मापानं मोजू नका.

आणि टिकण्याचं विचाराल तर, 'उद्या डीपी येते' म्हणणारा बहुतेक वेळा निवडून येतो. हे मी पाहिलंय. लग्नात पहिल्या रांगेत तोच असतो. पण भावकीत वाटणीचा वाद लागला, व्यापाऱ्यानं केळीचे पैसे अडकवले किंवा पोरीच्या सोयरिकीची चौकशी करायची असली, की लोक त्याच्याकडे न जाता दुसऱ्याचं दार वाजवतात. त्यातलं कोणतं टिकणं तुम्हाला विचारायचं होतं, ते प्रश्नात लिहिलेलं नाही.